हरणीपलीकडचे प्रस्थान

भाद्रपदातल्या त्या पहाटे किल्ले मोरधारच्या पूर्वबुरुजावर धुके अजून रेंगाळत होते, खाली हरणी नदी दोन्ही तीर भरून वाहत होती, आणि नदीपलीकडे, परक्या कडगुंडीच्या मुलखात, ज्या माळावर कालपर्यंत धनगरांच्या मेंढरांखेरीज काही दिसत नसे त्या माळावर, मोरधारकर राजांचे भगवे निशाण फडकत होते. निशाणाखाली एक पांढरा तंबू. तंबूत पाटावर राजांची तलवार, एक नारळ आणि मूठभर अक्षता. तंबूभोवती पहाऱ्याला अकरा माणसे. बस्स, एवढीच काय ती मोरधारची स्वारी! पण तटावर गोळा झालेल्या पेठेतल्या लोकांचा हुरूप बघावा तर जणू कडगुंडी फत्ते झाली असून आता साखर वाटायचीच तेवढी राहिली होती.

किल्लेदार सुभानजी जगदाळे त्या गर्दीत एकटेच गप्प उभे होते. अठ्ठावन्न वर्षांचे वय, डावा पाय गुडघ्यापासून आखडलेला. त्या अकरा जणांतला जो जमादार नेमला होता तो जोत्याजी, त्यांचा एकुलता एक मुलगा. आणि मनातली धास्ती चारचौघांत दाखवायची सोय नव्हती.

हे सारे कशावरून उद्भवले म्हणाल, तर एका पत्रावरून. कडगुंडीचे देसाई आषाढात वारले. मुलगा चार वर्षांचा. चुलत्याने, सोमप्पाने, गादी बळकावली आणि पाठीशी सरवराबादचा नबाब उभा केला. देसाईणबाई नीलव्वा लेकराला पोटाशी धरून रानातल्या एका मठात लपली आणि तिथून तिने मोरधारला पत्र धाडले. पत्र अगदी साधे होते: लेकराला घेऊन येते, गडावर दोन खोल्यांचा आसरा द्यावा, पाऊस सरला की माहेरी निघून जाईन. सुभानजींनी ते स्वतः वाचले होते आणि त्याच दिवशी बालेकिल्ल्याखालच्या दोन खोल्या झाडून घेतल्या होत्या.

पण देवळात कीर्तनकारबुवांनी तेच पत्र लावून सांगितले, तेव्हा दोन खोल्यांची दोन हजार फौज झाली. झाले! ज्यांनी उभ्या जन्मात जकातनाक्यापलीकडे पाऊल टाकले नव्हते, ते न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असताना मातीत रेघा ओढून नबाबाला कुठून कोंडायचे ते सांगू लागले. कापडाचे व्यापारी केदारशेट, ज्यांना घरचा जिना चढताना दोनदा टेकावे लागे, ते चौकात उभे राहून छाती पिटत म्हणाले, "एक अबला पदर पसरते आणि मोरधार हातावर हात धरून बसतो? निशाणाचं कापड मी देतो, अस्सल रेशीम! राजांनी फक्त पाऊल उचलावं!" पागेच्या आळीत, जिथली पोरे घोड्यावर बसून खरोखर जाणार होती, तिथे तेवढा घोष कमी होता, पण तिथल्या बायकांना विचारतो कोण?

दरबार भरला तेव्हा बाहेरचा गलबला सदरेपर्यंत ऐकू येत होता. गादीवर जानराव राजे, वय चोवीस. त्यांना लढाई नको होती हे सुभानजींना त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होते, कारण लहानपणी हेच राजे त्यांच्या खांद्यावर बसून गडाला फेरी मारत.

सुभानजींनी मुजरा करून अर्ज केला, "महाराज, बाईंनी आसरा मागितला आहे, फौज नाही. आसरा द्यावा. नबाब डोळे वटारील, चार खलिते येतील, त्यांना आपण पाच पाठवू. बावीस वर्षांमागे थोरल्या महाराजांबरोबर असेच परक्याच्या गादीसाठी आम्ही दक्षिणेत गेलो. तीनशे घोडा गेला, एकेचाळीस माणसे परतली. आणि ज्याच्यासाठी गेलो तो, आम्ही जखमा बांधत होतो तेव्हा, शत्रूच्या पंगतीला बसून जेवत होता."

दिवाण राघो मोरेश्वर मंद हसले. "किल्लेदार, आपल्या पायाचे दुःख आम्ही जाणतो. परंतु आसरा दिला तरी नबाब रागावणार आणि फौज दिली तरी रागावणार. रागवायचाच असेल तर सरकारचे नाव तरी होऊ द्यावे."

"नाव कोणाचे आणि मुडदे कोणाचे, दिवाणजी?"

सदर चपापली. राजे हळूच म्हणाले, "काका, बाहेर लोक काय म्हणतात ते ऐकता आहात ना? आम्ही नाही म्हटले तर हेच लोक उद्या आमच्या नावाने थुंकतील."

तेव्हा दिवाणांनी आपली मसलत पुढे केली. शिलेदार शेतावर होते, घोडी चरणीला, दसऱ्याआधी शंभर स्वारसुद्धा उभे राहण्यासारखे नव्हते. आणि पौर्णिमा झाली की पितृपंधरवडा, त्यात मुहूर्त नाही. मग तूर्त प्रस्थान ठेवावे! मुहूर्त साधायचा असला आणि निघणे जमत नसले, तर माणूस आपले थोडे सामान मुहूर्तावर शिवेबाहेर नेऊन ठेवतो. शास्त्राने तो निघाला असे धरतात, आणि तो आपला घरात बसून जेवत असतो. राजाचे प्रस्थान दहा दिवस टिकते. "दहा दिवसांत लोकांचा कढ निवेल," दिवाण म्हणाले, "मग नारळ नदीत सोडू. स्वारी निघाली असेही झाले आणि न निघाली असेही झाले."

जोशीबुवांनी मान डोलावली. मात्र दोन गोष्टी त्यांनी बजावल्या: प्रस्थान शिवेपलीकडे, म्हणजे मोरधारच्या बाबतीत नदीपलीकडेच, हवे; आणि एकदा ठेवलेले प्रस्थान माघारी आणायचे नाही, तो यजमानाच्या कुळाला अपशकुन.

"हे आपल्या पोथीत आहे, महाराज," सुभानजी कळवळून म्हणाले. "नबाबाच्या माणसांना पोथी कोण वाचून दाखवणार? त्यांना दिसेल ते निशाण आणि तलवार."

पण राजांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला होता, आणि सुटकेची वाट दिसलेल्या माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही. पहाऱ्याला कोण, असा सवाल निघताच जोत्याजी पुढे झाला. बापाकडे त्याने पाहिलेही नाही.

पाच दिवस पेठेत सण होता. सहाव्या दिवशी सकाळी पलीकडच्या टेकाडावर धूळ उठली आणि बाराशे स्वार, चार तोफा तंबूपासून अर्ध्या कोसावर येऊन थांबल्या. नबाबाचा सरदार मीर सआदत, बावीस वर्षांमागच्या लढाईत सुभानजींच्या समोर उभा असलेला, आता त्यांच्यासारखाच पिकलेला. दुपारी त्याचा जासूद पांढरे फडके घेऊन नावेतून आला आणि किल्लेदाराच्या हाती कागद देऊन गेला.

'किल्लेदारसाहेब,' मीराने लिहिले होते, 'तंबू कशाचा ते मला ठाऊक आहे. माझ्या फौजेत निम्मे मराठे, त्यांनी सांगितले आणि आम्ही हसलो. पण नबाबसाहेबांकडे बातमी गेली ती अशी, की मोरधारने नदी ओलांडली. परवा दुपारपर्यंत तंबू उतरवा. मी लिहून पाठवतो, काही नव्हते, गैरसमज होता; आणि नदीकडे पाठ करून निघून जातो. परवा दुपारनंतर माझ्या हातात काही उरणार नाही. आपण दोघांनी पुरेशी माणसे पुरली आहेत.'

कागद घेऊन सुभानजी लंगडत सदरेवर गेले. राजांनी तो दोनदा वाचला आणि क्षणभर वाटले, आता हो म्हणतील. इतक्यात खिडकीखालून आरोळी आली: "प्रस्थान माघारी आणाल तर याद राखा!" मीराची फौज दिसल्यापासून लोकांची भीती पळून जाऊन नुसता चेव उरला होता. जोशीबुवांनी अपशकुनाची पुन्हा आठवण दिली. दिवाण म्हणाले, "अकरा माणसे उघड्यावर आहेत, सरकार. त्यांच्या रक्षणाला परवा दुपारी पन्नास पाठवू. आणि पलीकडचे निशाण पडले तर पूर्वबुरुजाची तोफ डागावी, असा हुकूम असू द्या."

"अकरांच्या रक्षणाला पन्नास," सुभानजी म्हणाले, "पन्नासांच्या रक्षणाला पाचशे. आणि पाचशांच्या रक्षणाला कोण, दिवाणजी? कीर्तनकारबुवा?"

 राजांनी हुकमावर शिक्का उठवला आणि मान खाली घालून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लेदाराच्या दारात पेठेतून आहेर आला: परडीत हिरव्या बांगड्या आणि खणाची चोळी. आणणारे कोपऱ्याआड उभे राहून फिदीफिदी हसत होते. सुभानजींच्या कानशिलांवरच्या शिरा तट्ट फुगल्या. पण त्यांच्या पत्नी गजराबाई शांतपणे पुढे झाल्या, परडी उचलली, एक बांगडी हातावर धरून पाहिली.

"बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "माझा लेक परत आला की ह्याच घालून त्याला ओवाळीन. तुम्ही त्याला आणा. लोक काय म्हणतात ते मी बघून घेईन."

 पुढे काय करायचे ते सुभानजींचे आता ठरले होते.

तिसऱ्या दिवशी उजाडताच ते पूर्वबुरुजावर गेले. तोफेपाशी गोलंदाज हुसेनी बसला होता, तीस वर्षांचा सोबती. "हुसेनी, आज पलीकडचे निशाण उतरेल. ते मी उतरवणार आहे. तोफेला हात लावायचा नाही."

हुसेनीने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "सरकारचा हुकूम दुसरा आहे, बाबा."

"ठाऊक आहे. त्यापायी गर्दन जाईल ती माझी."

"मग माझ्या जिवात जीव आहे तोवर बत्ती लागणार नाही," हुसेनी म्हणाला.

राजाचा हुकूम मोडणारा किल्लेदार त्या काळात हत्तीच्या पायी जात असे, आणि सुभानजींना ते पुरते ठाऊक होते. तरी ते एका नावाड्याला घेऊन नदी उतरले. तलवार त्यांनी घरीच ठेवली होती. मीराला त्यांनी आधीच निरोप धाडला होता. तोही चार स्वारांनिशी, शस्त्रे मागे ठेवून, तंबूपासून हाकेच्या अंतरावर येऊन उभा राहिला आणि लांबूनच सलाम केला.

जोत्याजी बापाला पाहून आधी हरखला, आणि बापाने तंबूच्या दोरीला हात घातला तेव्हा भडकला. "आबा, हे काय करता? पेठेत तोंड कसं दाखवायचं मी?"

"तोंड शाबूत राहिलं तर दाखवशील."

"मी पळालो म्हणतील!"

"बापानं पळवलं म्हणून सांग. शिव्या माझ्या नावाच्या, तू कशाला घेतोस अंगावर?" सुभानजींचा आवाज चिरकला. "जोत्या, पोरा, तिथे कोणाला तुझी पर्वा नाही रे. त्यांना तमाशा हवाय, आणि तो त्यांना तटावर उभं राहून बघायचाय. तुझी आई वाट बघतेय. मी तुझ्या पाया पडतो, पण चल."

बाप खरोखरच वाकायला लागला तेव्हा जोत्याजीने त्याला दोन्ही खांद्यांना धरून उभे केले. पोर रडवेले झाले होते. "एवढं नका करू, आबा. चला, उपटतो मेखा." आणि त्याने आपल्या हाताने पहिली मेख उपटली. तंबूची गुंडाळी नावेत पडली. मग सुभानजींनी निशाणाची काठी धरली, दोरी सैल केली आणि केदारशेटचे ते अस्सल रेशीम मानाने, हळूहळू खाली घेतले.

इकडे तटावर सकाळपासून माणूस मावत नव्हता. पन्नास स्वार नदी उतरणार, तो सोहळा बघायला बायकापोरांसह, भाकरीची गाठोडी घेऊन पेठ वर आली होती. निशाण खाली येताना दिसले आणि एकच हलकल्लोळ झाला. "निशाण पडलं! तोफ! तोफ डागा!" हुसेनी तोफेवर पालथा पडला आणि ओरडत राहिला, "किल्लेदार आहेत तिथं! आपलीच माणसं आहेत!" कोण ऐकतो! सात-आठ जणांनी त्याला ओढून काढले, खाली दाबून धरले, आणि बत्ती आली ती केदारशेटच्या हातात. शेटजींनी दिवाळीतल्या फटाक्यापलीकडे काही पेटवलेले नव्हते. सारे ओरडत होते, त्यांना मागे सरता येईना. त्यांनी डोळे मिटले आणि बत्ती लावली.

तोफ दोन दिवस ठासून त्या माळावर रोखलेलीच होती. गोळा मीराच्या चार स्वारांत पडला. घोड्यासकट मीर सआदत कोसळला, आणि 'काही नव्हते, गैरसमज होता' असे लिहिणारा हात त्याच्याबरोबर गेला. तटावर लोकांनी टाळ्या पिटल्या. हो, टाळ्या, हे विसरता कामा नये.

बाराशे स्वारांनी आपला सरदार पडलेला पाहिला आणि ते सुटले. जोत्याजीने बापाला अक्षरशः उचलून नावेत टाकले. सुभानजी त्याचा हात सोडीनात. "आबा," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं ना? आता माझं एक ऐका," आणि त्याने हात हिसडून पायाने नाव प्रवाहात लोटली. अकरा जणांनी उताराची ती अरुंद वाट, नाव मध्यावर पोचेपर्यंत, अडवून धरली. सुभानजी नावेत गुडघ्यांवर बसून बघत होते. त्यांना सगळे दिसले. शेवटी जोत्याजी कोणता ते ओळखू येईना, तेव्हा नावाड्याने त्यांचे तोंड धरून दुसरीकडे वळवले.

पुढचे लवकर आटपले. पाणी उतरताच नबाबाची सारी फौज नदीपार झाली. पेठ जळाली, आधी कापडबाजार, मग देऊळ, मग पागेची आळी. जे पन्नास जायचे होते त्यांतले नऊ उरले. अकराव्या दिवशी गड खाली झाला. तहाचा मसुदा दिवाण राघो मोरेश्वरांनी केला, त्यांचे अक्षर फार सुरेख होते, आणि नबाबाने त्यांना तिथेच चाकरीत घेतले. जानराव राजे एका पालखीतून निघून गेले. सुभानजींना हत्तीच्या पायी द्यायला कोणी सत्ताधारी जागेवर राहिला नाही, म्हणून ते वाचले. आणि ह्या वाचण्याचा त्यांना जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचाही आला नसेल. बांगड्यांची परडी गजराबाईंनी नदीत सोडली.

पेठेतले उरलेसुरले लोक गडामागच्या आमराईत झाडांखाली राहू लागले. दसऱ्याला कोणी सोने लुटले नाही. बोलणी मात्र बंद नव्हती. तीन दगडांच्या चुलीपाशी बसून केदारशेट सांगत, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, परक्याच्या भांडणात आपण पडू नये. ऐकतो कोण? आणि त्यात त्या सुभानजीनं निशाण उतरवलं. घरभेदी! तिथेच घात झाला." आणि आजूबाजूचे, तेच ते तटावरचे, माना डोलावत, "खरंय, शेटजी."

हुसेनीला राहवेना. "बाबा, मी सांगतो सगळ्यांना, बत्ती कोणी लावली ते."

"कोणाला सांगणार?" सुभानजी म्हणाले. "तिथे सगळेच होते."

आश्विन संपता संपता एका दुपारी आमराईच्या तोंडाशी एक बाई येऊन उभी राहिली. पाय फुटलेले, लुगडे फाटलेले, कडेवर चार वर्षांचे पोर. मठ सोमप्पाच्या माणसांनी शोधून काढला होता आणि ती रानोरान भटकत आली होती. "मी कडगुंडीची नीलव्वा," ती म्हणाली. "मी पत्र पाठवलं होतं. दोन खोल्या मागितल्या होत्या."

लोक उठून उभे राहिले. केदारशेट पुढे झाले आणि त्यांचा आवाज चढला. "बाई, अजून काय पाहिजे तुम्हाला? तुमच्यापायी गाव जळालं आमचं! चालत्या व्हा!"

"मी फौज मागितली नव्हती हो," ती म्हणाली. तिला खरोखरच काही कळत नव्हते. "फौज कोणी मागितली?"

 सुभानजी आपल्या झाडाखालून उठले. नावेतून आलेली ती तंबूची गुंडाळी त्यांनी महिनाभर उघडली नव्हती. गजराबाईही तिला हात लावीत नसत, कारण त्यातल्या एका मेखेला पलीकडची माती तशीच चिकटलेली होती. ती गुंडाळी त्यांनी ओढत आणली, दोन झाडांमध्ये दोरी बांधली, आणि दगडाने एकेक मेख ठोकू लागले. गजराबाईंनी दुसरे टोक धरले. ती माती लागलेली मेख सुभानजींनी सगळ्यांत शेवटी ठोकली.

बाईने पोराला आत निजवले आणि कापडावरून हात फिरवला. भारी कापड होते. "हा तंबू कोणाचा, बाबा?"

"तुमचाच आहे, बाईसाहेब," सुभानजी म्हणाले. "तुमच्या मदतीला निघाला होता. पोचला एकदाचा."

मग दगड खाली ठेवून ते आपल्या झाडाखाली जाऊन बसले.